व्हॉल्व्हच्या रेडिओंचे नेट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (फोंडा): आम्हा नऊ मित्रांकडे वडिलोपार्जित व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांचे) रेडिओ आहेत, मात्र हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना दोघांकडेच आहे. आठवड्यातून एकदा हवेवर भेटणारा गट सुरू करायचा आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर: ठरलेल्या वेळी हवेवर भेटणाऱ्या अशा गटाला नेट म्हणतात. आधी एवढे ठरवा की तुमचे नेट एएममध्ये (जुन्या रेडिओ केंद्रांच्या साध्या पद्धतीने) चालणार की सिंगल साइडबँडमध्ये (आवाज कमी जागेत पाठवण्याच्या पद्धतीने). जुन्या रेडिओंसाठी नेट असेल तर ते एएममध्येच चालवावे, असे माझे ठाम मत आहे. आजचे बहुतेक हॅम सिंगल साइडबँडवर बोलतात, कारण त्यात वाहक लहर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) आणि एक साइडबँड (तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाचे जे जुळे पट्टे असतात त्यांपैकी एक) गाळलेली असते व सुमारे ३ किलोहर्ट्झ जागेत संभाषण बसते. परंतु गाळलेली वाहक लहर पुन्हा मिसळणारा बीएफओ घरगुती रेडिओत नसल्यामुळे त्यावर असे बोलणे बदकाच्या ओरडण्यासारखे ऐकू येते. एएम मात्र त्याच रेडिओवर स्वच्छ उमटतो. भारतात हॅमना दिलेला ४० मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. ज्या रेडिओच्या डायलवर हा पट्टा येतो, त्यावर ४१ मीटरच्या खुणेपासून काटा किंचित पुढे, ४२ च्या आसपास आणला की ७.१ मेगाहर्ट्झचे बोलणे सापडते. ऐकायला परवाना लागत नाही, त्यामुळे तुमचे उरलेले सात मित्र पहिल्याच रविवारपासून श्रोते म्हणून सामील होतील. त्यांच्या हाती माइक मात्र देऊ नका.

त्या सातही जणांनी पुढे रेस्ट्रिक्टेड श्रेणीची परीक्षा द्यावी. तिला मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची) चाचणी नसते आणि परवाना मिळाल्यावर व्हीयू३ने सुरू होणारे कॉल साइन, म्हणजे हवेवरचे ओळखचिन्ह, मिळते. या श्रेणीला ५० वॅटची मर्यादा आहे. एएममध्ये पूर्ण मॉड्युलेशनला, म्हणजे आवाज सर्वांत जोरात असताना, शिखरशक्ती वाहकशक्तीच्या चौपट होते, हे लक्षात घेऊन वाहक १० ते १२ वॅटच ठेवावा. शेजारच्या जिल्ह्यांपर्यंत तेवढा सहसा पुरतो.

एएमला साधारण ६ किलोहर्ट्झ जागा लागते, म्हणून फ्रिक्वेन्सी निवडण्याआधी दोन-तीन रविवार त्याच वेळी पट्टा नुसता ऐकावा आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल तिथेच बसावे. कोणतीही फ्रिक्वेन्सी कोणाच्या मालकीची नसते. तिथे आधीपासून कोणी बोलत असेल, तर थोडे सरकून घेणे हेच सभ्यपणाचे आहे. ज्याचा आवाज सर्वांपर्यंत पोचतो, त्याला नेट कंट्रोल, म्हणजे नेटचा सूत्रधार, करा. त्याने हजेरी घ्यावी, वहीत कॉल साइन, वेळ आणि सिग्नल रिपोर्ट (आवाज किती स्पष्ट व जोरदार आला तो शेरा) नोंदवावा आणि पाळीपाळीने एकेकाला बोलवावे. बोलायला विषय हवा म्हणून दर खेपेस एकाने आपल्या एका सेटची हकिकत सांगावी, असे मी सुचवेन.

प्रश्न (मडगाव): माझे वडील एमिसोरा द गोवा या पोर्तुगीज काळातल्या रेडिओ केंद्राच्या आठवणी सांगतात. त्या काळातल्या तबकड्या नेटवर वाजवता येतील का?

उत्तर: नाही. एएमवर जुने गाणे किती गोड लागेल हे मी जाणतो, तरीही हॅम पट्ट्यावर संगीत वाजवण्यास मनाई आहे आणि श्रोत्यांसाठी एकतर्फी प्रक्षेपण करण्यासही. मात्र त्या आठवणी लिहून घ्या आणि परवानाधारकाने त्या नेटवर गप्पांच्या ओघात सांगाव्यात. त्या केंद्राचे बांबोळीचे प्रक्षेपण केंद्र १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झाले. त्या दिवशी रेडिओ अचानक मुका झाल्याचे आठवणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. घरात जुनी क्यूएसएल कार्डे (हॅम एकमेकांना पाठवतात ती संपर्काची पोचकार्डे) असतील तर तीही पाहा. पोर्तुगीज काळात गोव्यातील हॅमचे कॉल साइन सीआर८ने सुरू होई, आणि असे कार्ड सापडले तर ते नेटवर एक अख्खा रविवार बोलण्याच्या योग्यतेचे आहे.

प्रश्न (डिचोली): आजोबांचा रेडिओ वीस वर्षे बंद आहे. प्लग लावून पाहू का?

उत्तर: कृपया तसे करू नका. आपल्या दमट हवेत कागदी कपॅसिटर गळके होतात आणि एकदम पूर्ण व्होल्टेज मिळाल्यास रेक्टिफायर किंवा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मागचा पुठ्ठा काढला तर मेण ओघळून तळाशी साचलेले बहुधा दिसेल. ते कपॅसिटर बदलल्यावर, ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब मालिकेत जोडून रेडिओ सुरू करावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखत राहिला तर ताबडतोब बंद करावा. आत यूसीएच४२, यूएल४१ असे यू मालिकेचे व्हॉल्व्ह असल्यास बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिसमध्येच, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यातच, वीज उतरलेली असू शकते, तेव्हा तो सेट जाणकाराकडेच द्यावा.

प्रश्न (पेडणे): अँटेना दोन माडांमध्ये बांधली तर चालेल का?

उत्तर: उत्तम चालेल. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलची (मध्यावर केबल जोडलेल्या, दोन समान तारांच्या अँटेनाची) एकूण लांबी सुमारे २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटर. ती सात-आठ मीटर उंचीवर असली की लहर जवळजवळ सरळ वर जाऊन परतते आणि दिवसा सिंधुदुर्ग, बेळगाव, कोल्हापूरपर्यंतचा प्रदेश चांगला व्यापते. वाऱ्यात माड डोलतात, म्हणून एका टोकाची दोरी कप्पीवरून खाली सोडून तिला दगडांनी भरलेला डबा टांगावा. माड झुकला की डबा वर-खाली होतो आणि तार तुटत नाही. पावसाळ्यात वापर संपताच केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवावी, आणि विजा चमकू लागल्यानंतर तिला हात लावू नये.