उन्हाळाभर गच्चीत रंग हवाय, पण रोज निगा राखायला वेळ नाही, कोणती बारमाही फुलझाडं लावू?

सरळ बोगनवेल लावा. दिवसाचं ५-६ तास कडक ऊन हवं आणि पाणी जरा कमीच घाला, कारण पाणी आणि नत्राचं खत जास्त झालं की नुसती पानं फुटतात नि फुलं गायब, लोक लाडाने रोज भरभरून पाणी घालतात आणि मग विचारतात फुलत का नाही! बहर ओसरला की शेंडे छाटा, नव्या फांदीवरच परत रंग येतो. काटे मात्र असतात, त्यामुळे जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवू नका.

दुसरी सदाफुली. ही तर बी पडून आपली आपणच उगवते, कुंडीत पाणी साचलं तरच कुजते. अडेनियम पण भारी, खोडात पाणी साठवतो, माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्या.

कण्हेर पण टिकते उन्हात, पण विषारी आहे, घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर मी तरी लावणार नाही. मोगरा हवाच असेल तर जानेवारीच्या आसपास छाटणी करा, फक्त त्याला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, म्हणजे तुमच्या अटीत बसत नाही.