गोलरक्षक मुलीचा रिॲक्शन टाइम किती महत्त्वाचा?

सप्रेम नमस्कार.

आपली नववीतील मुलगी फलटणला हॉकीत गोलरक्षण करते, मोबाइलवरील चाचणीत तिचा रिॲक्शन टाइम ०.२६ सेकंद आला आणि 'इतकी मंद मुलगी गोलवर चालणार नाही' असे कोणी सांगितल्यामुळे तिने जागा बदलावी की खेळच सोडावा, असे आपण विचारले आहे. केवळ या आकड्यावरून दोन्हींपैकी काहीही करू नये.

दिवा दिसताच बटण दाबायला निरोगी तरुण माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि मोबाइलच्या पडद्याचा विलंबही त्यात मिसळतो. अशा साध्या चाचणीत निष्णात आणि नवख्या खेळाडूंमध्ये फारसे अंतर दिसत नाही. ते दिसते चेंडू सुटण्यापूर्वीच्या हालचाली ओळखण्यात. पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारा फटका) 'डी'च्या (गोलसमोरील अर्धवर्तुळाच्या) टोकावरून, म्हणजे सुमारे १४.६३ मीटरवरून, ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेला ड्रॅग-फ्लिक (स्टिकने चेंडू ओढत नेऊन भिरकावलेला फटका) अर्ध्या सेकंदात गोलरेषेवर पोहोचतो. त्यातला निम्मा वेळ चेंडू दिसून शरीर हलेपर्यंतच संपत असल्याने चांगली गोलरक्षक मारणारीचा पुढचा पाय, खांदे आणि स्टिकचा कोन यांवरून दिशा आधीच ताडते. जवळून कोणाच्या स्टिकला लागून वळलेल्या चेंडूपुढे मात्र कितीही चपळ प्रतिक्रिया अपुरी पडते. तिथे कामी येते ती उभे राहण्याची योग्य जागा. हे सारे सरावाने, आणि सावकाशच, येते. भारताचे गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांनी पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक २०२४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी जिंकले.

म्हणून प्रशिक्षकांना विचारायचे ते असे की, ती हुलकावणीला फसून लवकर खाली पडते का, आणि पहिला फटका अडवल्यावर दुसऱ्यासाठी वेळेत उठते का. मोबाइलवरील चाचण्यांपेक्षा वेगवेगळ्या मुलींचे फ्लिक तिने रोज झेलणे अधिक उपयोगाचे आहे.

अडचण आहे ती वेगळीच. मैदानावर गोलरक्षक एकच असते, त्यामुळे संघातील जागा कमी, आणि पॅड, किकर (बुटांवरील जाड संरक्षक आवरण), हेल्मेट यांचा खर्चही मोठा. फलटण तालुक्यातूनच वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारतीय संघापर्यंत पोहोचल्या, पण त्या गोलरक्षक नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असले तरी त्यासाठी ठरावीक स्तरावरील कामगिरी आणि पदाची शैक्षणिक पात्रता दोन्ही लागतात. तेव्हा दहावीपर्यंत तिला गोलवरच खेळू द्यावे, अभ्यास सुटू देऊ नये, आणि त्यानंतर प्रशिक्षकांचे मत घेऊन पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीसारख्या (राज्य शासनाचे निवासी प्रशिक्षण केंद्र) ठिकाणच्या निवड चाचणीचा विचार करावा.