१०८ ला दोन हजार आणि १६० लाही दोन हजार?

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर १०८ च्या वेगाला दोन हजारांचं ई-चलान आलं, ही सरकारी वसुली नाही का, असं तुम्ही विचारलंय.

मलाही आलंय, घाटात. खोपोलीकडे उतरताना काटा ७४ वर गेला होता, मर्यादा ६० ची. दोन दिवस चरफडलो. उतारावर गाडी आपसूक पळते, त्यात माझा काय दोष वगैरे. पण हिशोब मांडला की तोंड बंद होतं. ६० ऐवजी ८५ ने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकला दुप्पट काम पडतं, आणि पुढच्या वळणावर एखादा लोड ट्रक खालच्या गिअरमध्ये रांगत असतो.

त्यामुळे कॅमेऱ्यावर माझा राग नाही. झाडाआड थांबून अचानक हात दाखवणाऱ्या मामांपेक्षा तो बरा. त्याला चहापाणी लागत नाही, कुणाच्या साहेबाचा फोनही त्याला येत नाही. शिवाय जुलै २०२४ मध्ये तिथे सुरू झालेली यंत्रणा दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढते. १० किमी ५ मिनिटांत कापलेत म्हणजे १२० ने आलात. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेलं की दाबा, ही आपली कला तिथे फुकट जाते.

मला खटकतो तो दर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये वेगाचा दंड ठरतो तो गाडीच्या प्रकारावर: हलक्या वाहनाला १ ते २ हजार, मध्यम आणि जड वाहनाला २ ते ४ हजार. मर्यादा किती ओलांडली याची पायरीच नाही. म्हणजे तुमचे १०८ आणि कुणा शौकिनाचे १६० एकाच तागडीत. धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम वेगळं आहे, पण कॅमेऱ्याच्या चलानात ते क्वचितच दिसतं.

फिनलंडमध्ये २० किमीपेक्षा जास्त ओलांडलं की दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये तिथल्या ऑलंड बेटांवर ५० च्या रस्त्यावर ८२ ने जाणाऱ्या एका उद्योगपतीला १ लाख २१ हजार युरो पडले, आपले कोटीभर रुपये! आपल्याकडे ते जमणार नाही. खरं उत्पन्न कागदावर दाखवतो कोण? पण वेगाच्या पायऱ्या तरी करता येतील. त्याला आयकर खात्याची गरज नाही.

तुमच्या चलानाबद्दल: केंद्रीय नियम १६७अ नुसार कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी सूचनाफलक हवा, यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं हवं आणि नोटीस १५ दिवसांत निघायला हवी. यातलं काही चुकलं असेल तर ऑनलाइन तक्रार टाका. आणि फोटो नीट बघा. आमच्या शेजाऱ्यांच्या चलानातली गाडी पांढरी होती; त्यांची लाल आहे.