वळीव, वीज आणि उडणारे पत्रे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळी वादळांविषयी यंदा आलेली पत्रं बहुतेक माणदेश, सोलापूर आणि मराठवाड्यातली आहेत. पत्र्याच्या छपराचा प्रश्न अनेकांनी विचारला आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर दिलं आहे.

अंदाजात ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस’ म्हणतात. आमच्याकडे थेंब पडत नाही आणि शेजारच्या गावात झाडं मोडतात. मग अंदाजाचा उपयोग काय?
*– एक वाचक, सांगोला*

‘तुरळक’ हा शब्द हवामान खातं मोजून वापरतं. पाऊस मोजण्याच्या ठिकाणांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’. म्हणजे तुरळकचा अंदाज असताना चारांतली तीन गावं कोरडी राहिली, तरी अंदाज चुकला असं होत नाही.

वळवाचा ढग तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या दमट हवेतून उभा राहतो. त्याचा पसारा काही किलोमीटरचा आणि एका ढगाचं आयुष्य बहुधा तासाभराच्या आतलं. तो कोणाच्या शिवारावर फुटेल हे आदल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. आदल्या दिवशीच्या अंदाजावरून फक्त एवढं ठरवा, की उद्या उघड्या रानातली कामं दुपारी दोनच्या आत उरकायची. त्या दिवशी मात्र हवामान खात्याचा तीन तासांपुरता तातडीचा इशारा पाहत राहा आणि आभाळावर नजर ठेवा. फुलकोबीसारखा फुगणारा ढग माथ्यावर सपाट होऊन पसरू लागला की तो पुरता वाढला आहे. उकाड्यात एकदम गार, धुळीचा झोत आला, तर ती ढगातून खाली कोसळून जमिनीवर पसरलेली हवा असते. पाऊस किंवा गारा त्यामागून काही मिनिटांत येतात. ताडपत्री तोपर्यंत बांधून झालेली हवी.

पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर दगड ठेवतो, तरी गेल्या वादळात पत्रे गेले. किती वजन ठेवावं?
*– एक वाचक, जत*

वजन ठेवूच नका. आधी हिशोब पाहा. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्याचं क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर आणि वजन जाडीनुसार साधारण बारा ते सोळा किलो. ताशी ६० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे १७ किलोचा जोर लावतो, ताशी ९० चा सुमारे ३८ किलोचा. म्हणजे त्या एका पत्र्यावर अनुक्रमे ५५ आणि जवळजवळ १२५ किलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. छपरावरून जाणारा वारा पत्रा दाबत नाही, वर ओढतो. कडांना आणि कोपऱ्यांना ही ओढ याहून बरीच जास्त असते, म्हणून छप्पर नेहमी कोपऱ्यातून सुटतं. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं असेल तर आत शिरलेली हवाही खालून ढकलते. वादळ येताना ते दार आधी लावा.

या जोरापुढे दहा-दहा किलोचे चार दगड काहीच नाहीत. पत्रा कलला की तेच दगड आत झोपलेल्या माणसांवर येतात. कृपा करून ते आजच उतरवा.

पत्रा धरतो तो हुक. लोखंडी अँगलला अडकणारे, इंग्रजी ‘J’ अक्षराच्या आकाराचे हुक पन्हळीच्या उंचवट्यावर भोक पाडून बसवा. खोलगट भागात पाडलेलं भोक गळतं. प्रत्येक हुकाला लोखंडी वायसर आणि त्याखाली डांबरी वायसर हवाच. नुसता नट आवळला तर वाऱ्याच्या थरथरीने भोक मोठं होतं, मग हुक जागेवर राहतो आणि पत्रा फाटून जातो. मधल्या अँगलवर दर तिसऱ्या-चौथ्या उंचवट्याला एक हुक चालेल. वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही बाजूंच्या कडांना मात्र एकाआड एक उंचवट्यावर हुक घाला. बहुतेक घरांत नेमकं याच्या उलट असतं : कडेला दोन हुक आणि बाकी भरवसा. अँगलमधलं अंतर साडेचार फुटांहून जास्त नको, पत्र्यावर पत्रा लांबीत अर्धा फूट चढवा आणि वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा पुढे काढू नका.

एवढं करूनही छप्पर अखंड उचललं जातं, कारण अँगल भिंतीवर नुसते सिमेंटात टेकवलेले असतात. प्रत्येक अँगलच्या टोकाखाली भिंतीत दीड-दोन फूट खोल कप्पा काढा, त्यात खाली वाकवलेली १२ मिलिमीटरची सळई उभी करून काँक्रीट भरा, आठवडाभर पाणी मारा आणि मग सळई अँगलला वेल्ड करा. जुन्या घरातही हे पत्रे न काढता जमतं. खर्च एकदम झेपत नसेल तर चार कोपऱ्यांपासून सुरुवात करा.

मी पायाळू आहे. ढग गडगडू लागले की घरचे मला आधी रानातून घरी पाठवतात, बाकीचे काम करत राहतात. यात तथ्य आहे का?
*– एक वाचक, परळी*

पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या माणसावर वीज जास्त पडते याला काहीही आधार नाही. तुम्हाला घरी पाठवतात ते योग्यच आहे, फक्त सगळ्यांनीच निघायला हवं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि इतक्या लांबच्या ढगातली पुढची वीज तुमच्या बांधावर पडू शकते. गडगडाट ऐकू आला की निघा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका.

आसरा म्हणजे पक्कं घर किंवा काचा लावलेली चारचाकी. झाड, खोप, उघडी शेड, दुचाकी, बिनकेबिनचा ट्रॅक्टर हा आसरा नाही. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते आणि जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने त्याच्या अंगातून जाते. म्हणून झाडाखाली बांधलेली गुरं एकदम दगावतात. त्यांना तारेच्या कुंपणालाही बांधू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. मोबाईल वीज ओढत नाही, पण चार्जिंगला लावलेला फोन हातात धरू नका.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, लगेच हात लावा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा, दर तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्या आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. विजेच्या धक्क्यानंतर हृदय कधी कधी आपोआप सुरू होतं, श्वास मात्र बंदच राहतो. ते दोन श्वास म्हणूनच मोलाचे.

हवामान खातं ४१ अंश सांगतं, आमच्या ओट्यावरचा तापमापक ४७ दाखवतो. खरं काय?
*– एक वाचक, आटपाडी*

खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच असतो आणि हवेचं तापमान मोजतो. तुमचा तापमापक भिंतीची आणि फरशीची धगही मोजतो आहे.

गारपिटीने डाळिंबाच्या फांद्या सोलल्या. पंचनाम्याआधी बागेला हात लावावा का?
*– एक वाचक, मंगळवेढा*

त्याच दिवशी तारीख आणि ठिकाण उमटेल असे फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी कळवा. फवारणीसाठी पंचनाम्याची वाट पाहू नका, डाळिंबाचा तेल्या रोग याच जखमांतून शिरतो. मोडलेल्या फांद्या कापून कापावर दहा टक्के बोर्डो पेस्ट लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. झाडावर पानं-फळं असतील तर फवारणी अर्ध्या टक्क्याची : अर्धा किलो मोरचूद, अर्धा किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवा, मग ढवळत एकत्र करा. तयार द्रावणात लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, पानं करपतील. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घाला आणि द्रावण त्याच दिवशी संपवा.