सायलेन्सर लावल्याने रायफलचा नेम सुधारतो का?

प्रश्न : माझा भाचा न्यूझीलंडमध्ये असतो व तेथे हरणांच्या शिकारीला जातो. त्याने शंभर मीटरवरच्या कागदावर आधी सायलेन्सरशिवाय तीन आणि मग सायलेन्सर लावून तीन गोळ्या झाडल्या. दुसऱ्या खेपेची छिद्रे एकमेकांना जवळजवळ चिकटली होती, पण तिन्ही दोन बोटे खाली होती. सायलेन्सरने नेम सुधारला असे तो म्हणतो. ते खरे मानावे का? माझ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. तिला असे काही लावता येईल का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळ कमी करणारे साधन आपल्याकडे शस्त्र नियमांनुसार प्रतिबंधित वर्गात मोडते, त्यामुळे परवाना असला तरी ते लावता येत नाही. वानर आणि डुकरांनी कोकणातला बागायतदार किती जेरीस आला आहे हे आम्ही जाणतो. परंतु 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा बंदुकीच्या परवान्याहून वेगळा आहे, हेही ध्यानात ठेवावे. न्यूझीलंडची गोष्ट निराळी आहे. तेथील हरणे मुळात बाहेरून आणलेली असून त्यांच्या शिकारीला मुभा आहे, आणि सायलेन्सरही तेथे सर्रास वापरले जातात.

आता भाच्याच्या कागदाकडे वळू. त्यावर दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. छिद्रांचा सगळा पुंजका खाली सरकणे ही एक, आणि तो आवळला जाणे ही दुसरी. पहिलीचे कारण उघड आहे. गरवायच्या काठीच्या टोकाला शिसे बांधले की काठीचा वाक आणि थरथर जशी बदलते, तसेच तीन-चारशे ग्रॅमचे नळकांडे तोंडाशी अडकवल्यावर रायफलच्या नळीचे होते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड किंचित वेगळ्या दिशेला असते. यात बिघाड काही नाही, फक्त दुर्बीण पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

पुंजका आवळला गेला, हा दावा मात्र तीन गोळ्यांवर टिकत नाही. त्याच रायफलने, त्याच हाताने झाडलेल्या दहा गोळ्यांचा पुंजका तीन गोळ्यांच्या पुंजक्यापेक्षा सरासरीने दीडपटीहून मोठा येतो, आणि तीन-तीन गोळ्यांचे पुंजके तर आपसांतही, काहीही न बदलता, कधी निम्मे तर कधी दुप्पट भरतात. एक लहान पुंजका म्हणजे बहुधा योगायोगच. सुधारणा खरी असण्याची शक्यताही आम्ही नाकारत नाही, कारण सायलेन्सरमुळे धक्का आणि दणका कमी होतो आणि घोडा दाबताना दचकणारा माणूस स्थिर राहतो. पण मग सुधारला तो नेमबाज, रायफल नव्हे.

खरी चाचणी करायची तर एकाच खोक्यातली, एकाच बॅचची काडतुसे घ्यावीत, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवावी आणि चाचणी संपेपर्यंत दुर्बिणीला हात लावू नये. पाच गोळ्या सायलेन्सरसह, पाच त्याच्याविना, पुन्हा पाच त्याच्याविना, पुन्हा पाच त्याच्यासह, असा क्रम ठेवला म्हणजे नळी तापणे, वारा फिरणे आणि खांदा थकणे यांचा भार दोन्ही बाजूंवर सारखा पडतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या सायलेन्सरवरून उठणारी गरम हवा दुर्बिणीतले चित्र थरथरवते, आणि मग आपण निशाण्याऐवजी त्याच्या हलत्या प्रतिमेवर नेम धरतो. दर वेळी सायलेन्सर आट्यांच्या शेवटापर्यंत घट्ट बसला आहे, हे हाताने तपासावे; सैल नळकांडे पुंजका तर विस्कटतेच, शिवाय गोळी आतल्या पडद्याला घासण्याचा धोकाही असतो. लांब गेलेली गोळी ‘हात हलला’ म्हणून वगळायची नाही. तसे केले तर मोजमापाला अर्थच उरत नाही.

शिकाऱ्याच्या दृष्टीने आम्हाला याहून महत्त्वाची वाटते ती सायलेन्सर काढून पुन्हा लावण्याची परीक्षा. प्रत्येक वेळी पुंजका तितकाच आणि त्याच दिशेला सरकला, तर त्या जोडणीवर भरवसा ठेवता येईल. नाहीतर भाच्याने सायलेन्सर लावूनच दुर्बीण जुळवावी आणि शिकारीचा हंगाम संपेपर्यंत तो काढू नये.