बुर्गोसच्या मठाध्यक्षेची सत्ता

प्रश्न : स्पेनमधील बुर्गोस शहरालगतच्या लास उएल्गास या सिस्टर्शियन (एक कॅथलिक संन्यासी संघ) ननांच्या मठाची प्रमुख एखाद्या बिशपसारखा कारभार पाहत असे, असे वाचनात आले. स्त्रियांना पौरोहित्य नाकारणाऱ्या चर्चमध्ये हे कसे शक्य झाले?

उत्तर : आपल्या वाचनात आले ते खरे आहे, मात्र पौरोहित्य आणि अधिकार या दोन गोष्टी येथे वेगळ्या धरल्या पाहिजेत. कास्तिया या स्पेनमधील तत्कालीन राज्याचा राजा आठवा आल्फोन्सो आणि त्याची राणी, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची कन्या एलिनॉर, यांनी 1187 मध्ये हा मठ स्थापन केला. राजघराण्याची दफनभूमी येथेच असावी असा राजाचा मानस होता, आणि त्यापायी त्याने मठाला गावे, जमिनी व त्यांचे उत्पन्न इतक्या सढळ हाताने दिले की मठाध्यक्षा ही त्या मुलखाची जहागीरदारच झाली. मठाच्या गावांतले दिवाणी आणि फौजदारी खटले तिच्या नावाने चालत. सांतियागो या स्पेनमधील तीर्थक्षेत्री जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी राजाने बांधलेले रुग्णालयही तिच्याच हाताखाली होते. पोपनेही मठाला आपल्या थेट संरक्षणाखाली घेतल्याने स्थानिक बिशपचा तेथे हात पोहोचत नसे. परिणामी, तिच्या हद्दीतल्या चर्चमध्ये मिस्सा (पुरोहितानेच करायचा मुख्य उपासनाविधी) अर्पण करायची, प्रवचन द्यायचे किंवा पापांची कबुली ऐकायची, तर पुरोहिताला परवाना तिच्याकडूनच घ्यावा लागे. ती स्वतः मात्र मिस्सा अर्पण करू शकत नव्हती.

ही रेघ ओलांडली गेल्याचेही दिसते. 1210 मध्ये पोप तिसरा इनोसंट याने बुर्गोस आणि पालेन्सिया या धर्मप्रांतांतील मठाध्यक्षांविषयी कडक पत्र धाडले : त्या आपल्या ननांना आशीर्वाद देतात, त्यांची पापकबुली ऐकतात आणि शुभवर्तमान वाचून जाहीर प्रवचनही करतात. कुमारी मरिया सर्व प्रेषितांहून श्रेष्ठ असली, तरी प्रभूने स्वर्गराज्याच्या किल्ल्या, म्हणजे पौरोहित्याचा अधिकार, तिच्या नव्हे, तर त्यांच्याच हाती दिल्या, असा त्याचा युक्तिवाद होता. प्रथा रूढ झाली नसती, तर पोपला एवढी लेखणी झिजवावी लागली नसती.

सिस्टर्शियन संघाचे नियमही येथे आपल्या सोयीने वाकवले जात. सिस्टर्शियन उपासनेत एकसुरी, साधे गायन अपेक्षित असताना, चौदाव्या शतकाच्या आरंभीची या मठाची हस्तलिखित गानपोथी बहुस्वरी रचनांनी भरलेली आहे. तिच्यात ननांसाठी दोन आवाजांतला स्वरांचा सरावपाठदेखील आहे. ही पोथी आजही मठातच आहे.

मठाध्यक्षेचे पद मुळात आजन्म असे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते तीन वर्षांच्या मुदतीचे झाले. बिशपसदृश अधिकार मात्र त्यानंतरही पावणेतीन शतके टिकले. 1873 मध्ये नववा पायस या पोपने स्पेनमधील अशी सारी विशेष अधिकारक्षेत्रे रद्द केली, तेव्हाच लास उएल्गासच्या मठाध्यक्षेची ही सत्ता संपली.