साड्यांखालची फाईल

पत्र:
माझा मुलगा सात वर्षांचा आहे. पांडवलेणीला गेलो तेव्हा बाकीची पोरं धावत वर गेली, हा मध्येच पायरीवर बसला. चार महिन्यांपूर्वी रिपोर्ट आला, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आनुवंशिक आजार. माझीही तपासणी झाली, मी कॅरियर निघाले, म्हणजे आजाराचा जनुक माझ्याकडून त्याला गेला. तेव्हापासून सासूबाईंचं एकच, ‘हे तुमच्याकडचं दुखणं.’ त्र्यंबकला नारायण नागबळी करा म्हणून मागे लागल्यात. नवरा बोलतच नाही. माहेरी ‘पायात अशक्तपणा आहे’ एवढंच सांगितलंय, कारण निफाडच्या धाकट्या बहिणीला तिसरा महिना लागलाय, तिला कशाला घोर? सुट्टीत बाबा त्याला रोज जिना चढायला लावायचे. फाईल मी साड्यांखाली ठेवलीय. सासूबाईंना कसं समजवावं?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर:
ताई, सासूबाईंना जरा बाजूला ठेवा. बहिणीला तिसरा महिना लागलाय आणि तिला यातलं काही माहीत नाही, हे तुम्ही एका ओळीत उरकून पुढे गेलात. मी तिथेच अडकले. छापून येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नव्हता, म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच पाठवलं. इथे देतेय ते आणखी कुणाच्या कपाटात अशी फाईल असेल तर तिच्यासाठी.

तुमच्यातला हा बिघडलेला जनुक आईकडून आलेला असेल, तर तो धाकटीकडेही असण्याची शक्यता निम्मी आहे. ती कॅरियर निघाली तर तिच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता पुन्हा निम्मी, आणि मुलगी झाली तर ती कॅरियर असण्याचीही तेवढीच. तुमच्या मुलाच्या रिपोर्टात जनुकातला बदल नेमका कुठे आहे ते लिहिलेलं असतं. तो कागद हातात असला की बहिणीच्या रक्तात तेवढीच जागा बघायची असते. लागलंच तर पोटातल्या बाळाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात घेतात, गर्भजल पंधराव्यानंतर. म्हणजे ज्या दिवसांत तिला त्या कागदाची गरज आहे, त्याच दिवसांत तो पैठणीखाली पडून आहे.

घोर नको म्हणून गप्प राहिलात, हे मला पटत नाही. तुम्ही तिचा निर्णय परस्पर घेतलात. कळल्यावर ती तपासणी करेल किंवा करणार नाही. काही निघालं तरी बाळाला आनंदाने जन्म देईल. जे ठरवायचं ते ती आणि तिचा नवरा ठरवतील. पण तिचं बाळ पाच वर्षांचं झाल्यावर, जमिनीवरून उठताना हात गुडघ्यावर, मग मांडीवर टेकवत आपल्याच अंगावर चढल्यासारखं उठायला लागलं, तर ती तुम्हाला काय विचारेल? ‘ताई, तुला माहीत होतं?’

आणि ते जिन्याचं. बाबांचं काही चुकलं नाही, अशक्तपणा म्हटल्यावर कुठलाही आजोबा तेच करेल. पण या आजारात स्नायूंना मुळात डिस्ट्रोफिन या प्रथिनाचा आधार नसतो. जबरदस्तीच्या श्रमांनी बळ येत नाही, उलट आहेत ते स्नायू झिजतात. तुमचं लेकरू सुट्टीभर दमून जिना चढत राहिलं, आणि खरं कारण सांगायची कुणाला परवानगी नव्हती.

भीती कसली आहे ते कळतं मला. सासूबाई बोलतात तेच उद्या माहेरच्या अंगणात ऐकावं लागलं तर? ताई, जनुक कुणी निवडून देत नाही. तुमच्या आईनेही तुम्हाला मुद्दाम दिला नाही. हेच वाक्य सासूबाईंना एकदा सांगा आणि विषय सोडा. नारायण नागबळी तीन दिवसांचा असतो. त्यांना समाधान मिळत असेल तर करू द्या. फक्त त्यापायी पोराची औषधं आणि फिजिओथेरपी एक दिवसही चुकू देऊ नका. आणि तुमच्या स्वतःच्या हृदयाची तपासणी करून घ्या. कॅरियर बायकांच्या हृदयाच्या स्नायूंवरही याचा परिणाम होऊ शकतो, आणि ते सांगायचं सहसा राहून जातं.

आता उठा. फाईल काढा, रिपोर्टच्या दोन प्रती काढून घ्या, एक तिच्या डॉक्टरांसाठी. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून मोकळ्या होऊ नका. निफाड काही लांब नाही. तिच्या शेजारी बसा आणि ‘पायात अशक्तपणा नाहीये गं’ इथपासून सुरुवात करा.